नीट भरून द्या

जयंतीला चुका शोधाव्या लागत नसत, चुकाच तिला शोधत यायच्या. चेन्नईच्या तिरुवल्लिकेणी भागातल्या एका छापखान्यात तिने चौतीस वर्षं तमिळ आणि इंग्रजी प्रुफं वाचली. निवृत्त होऊन सात वर्षं झाली, तरी लग्नपत्रिका हातात आली की ती आधी लाल पेन उचलायची आणि मग लग्न कोणाचं ते बघायची. गल्लीच्या तोंडावरच्या मेसमध्ये फळ्यावर 'सांबार' चुकीचं लिहिलेलं दिसलं, त्या दिवसापासून तिने तिथलं जेवण सोडलं. माणसांचे तिने सरळ दोन भाग केले होते: ज्यांना आपली चूक कळते ते, आणि बाकीचे. पहिल्या भागात ती स्वतः होती आणि तिची आई सकवारबाई. आई जाऊन वीस वर्षं झाली होती.

अशा बाईच्या दारात "नमस्कार काकू!" म्हणत अनय उभा राहिला. म्हणजे पहिल्याच पावलाला पाय चिखलात.

"काकू? तुझ्या कोणत्या काकाची बायको मी?"

"नाही म्हणजे... आमच्याकडे सगळ्यांनाच..."

"तुमच्याकडे म्हणत असतील. येथें अक्का म्हण."

अनय पुण्याचा. तीन वर्षांपूर्वी नोकरीसाठी चेन्नईत आलेला, तमिळ तीन शब्दांचं, आत्मविश्वास मात्र तीन माणसांना पुरेल एवढा. त्याची कंपनी म्हणे वारसा जतन करायची. घरोघरच्या जुन्या वस्तू न्यायच्या, चारी बाजूंनी त्यांचे शेकडो फोटो काढायचे, त्यातून संगणकात त्यांची हुबेहूब प्रतिमा उभी करायची, आणि एवढं झालं की तिला पडद्यावर नाचवायची. या नाचाला ते 'नव्या पिढीसाठी पुनर्मांडणी' म्हणत. जयंतीचं नाव त्याला तंजावुरी मराठी मंडळाच्या व्यंकटेशरावांनी दिलं होतं. व्यंकटेशरावांना तीन तमिळ शब्दांची कुबडी घेतल्याशिवाय मराठी वाक्य पुरं करता येत नसे, पण आपल्या भाषेवर भाषण करायला ते नेहमी पुढे. वासरांत लंगडी गाय शहाणी, दुसरं काय!

अनयला हवी होती ती मरप्पाच्चि. रक्तचंदनाची वीतभर उंचीची जोडी, राजा आणि राणी. लग्न होऊन येणारी मुलगी ही जोडी माहेराहून आणते आणि नवरात्रात कोलूच्या पायऱ्यांवर बाहुल्या मांडल्या जातात तेव्हा पहिला मान हिचा. इतर घरांत ही जोडी वर्षभर फडक्यात गुंडाळून पडलेली असते. सकवारबाईच्या घरात तसं नव्हतं. पोराला ताप आला, घामोळं उठलं, कपाळाला टेंगूळ आलं, की राणी फडक्यातून निघून सहाणेवर यायची. थेंबभर पाण्यात तिला उगाळायचं आणि तो तांबडा लेप पोराला लावायचा. सकवारबाईच्या आजीपासून हे चाललेलं. राणीची पाठ झिजून सपाट झाली होती. पुढून उगाळणारीचा अंगठा टेकायचा तो राणीच्या तोंडावर, त्यामुळे तिथे नाक नव्हतं, डोळे नव्हते, फक्त एक गुळगुळीत खळगा होता. घरात तिला नकटी म्हणत. राजा मात्र ठणठणीत. त्याला कोणी कधी उगाळलं नाही, आणि जयंतीच्या मते यात नवल काही नव्हतं.

जयंती आठ वर्षांची असताना आईने तिचा हात धरून तिचा अंगठा त्या खळग्यात बसवला होता. "अंगठा येथें ठेव. जोर करूं नको. ती आपणच झिजत्ये." पुढे जयंतीने लग्न केलं नाही, तरी आईने जोडी तिलाच दिली. तेव्हापासून भावाच्या पोरांना, शेजारच्या पोरांना, एकदा मॅन्शनमधल्या, म्हणजे गल्लीतल्या एकट्या पुरुषांच्या लॉजमधल्या, एका तापाने फणफणलेल्या मोठ्या बाप्यालासुद्धा तिने नकटीचा लेप लावला होता. अंगठा टेकला की खाली आईचा अंगठा आहे असं तिला वाटे. हे ती कोणाला सांगत नसे, कारण ऐकणाऱ्याने काहीतरी मूर्खासारखं उत्तर दिलं असतं.

आता जोडी जायची होती भावाच्या मुलीकडे, अदितीकडे. अदिती तांबरमला राहायची आणि तिला सातवा महिना लागला होता. "आत्या, स्कॅन करून ठेव ना. उद्या हरवली, वाळवी लागली, तर?" असं तीच म्हणाली. चंदनाला वाळवी लागते म्हणणाऱ्या मुलीला काय सांगायचं! तरीही जयंती तयार झाली, त्याचं कारण वेगळं होतं. अनय म्हणाला होता की बाहुलीखाली मूळ मालकिणीचं नाव येईल. सकवारबाईचं नाव जन्मात कुठे छापलं गेलं नव्हतं. मुलांच्या लग्नपत्रिकांतसुद्धा ती नवऱ्याच्या नावामागची नुसती 'सौ.' होती. चौतीस वर्षं दुसऱ्यांची नावं तपासणाऱ्या लेकीला ते फार लागलेलं होतं.

अनयने बाहुल्या घेतल्या आणि टी. नगरच्या साडीच्या दुकानातल्या एका पिशवीत टाकल्या. टाकल्याच. आत राजा राणीवर आपटल्याचा आवाज झाला. जयंतीच्या कपाळाची शीर उडाली.

अनयने फोन पुढे धरला. "अक्का, काही सूचना असल्या तर यात बोला. मराठीतच बोला. आमचं मशीन तंजावर मराठी शिकलंय."

"यंत्र शिकलें. तूं केव्हां शिकणार?"

"बोला ना, रेकॉर्ड होतंय."

जयंती फोनकडे न बघता पिशवीकडे बघून बोलली. "आतां नेत्ये वेळी आहेत तसें परत आणूं नका. देत्ये वेळी दोघांस नीट भरून द्या हो. गच्च भरा. कोठें पोकळ राहूं नये. सेरी?"

"सेरी, सेरी," अनय म्हणाला. त्याच्या तीन शब्दांतला तो एक.

मग त्याने सहीसाठी टॅब्लेट पुढे केला. चांगला तीन पानांचा इंग्रजी मजकूर होता. पहिल्याच ओळीत 'हेरिटेज'च्या स्पेलिंगमधलं एक अक्षर गायब. जयंतीने नाक मुरडलं. ज्यांना आपल्या धंद्याचं नाव धड लिहिता येत नाही, त्यांचं पुढचं काय वाचायचं? आयुष्यात पहिल्यांदा तिने मजकूर न वाचता खाली बोटाने सही ओढली. तिच्या दृष्टीने तो त्या कंपनीचा अपमान होता.

कार्यक्रम झाला नवरात्राच्या दहा दिवस आधी, टी. नगरात, साड्यांच्या दुकानांच्या वरच्या एका वातानुकूलित हॉलमध्ये. तोवर अदिती बाळंत होऊन मुलगी दीड महिन्याची झाली होती. हॉलमध्ये भिंतभर पडदा, पडद्यावर कोलूच्या सात पायऱ्या, आणि पहिल्या पायरीवर राजा-राणी. बटण दाबलं की राणी पुढे यायची.

राणी पुढे आली. तिला नाक होतं. नुसतं नाक नाही, नाकात मोती होता, आणि तो नाकापेक्षा जड होता. कोरलेल्या भुवया, लांब पापण्या, मालिकेतल्या सुनेसारखे गाल. तिने हात जोडले आणि अस्सल सदाशिव पेठी सुरात म्हणाली, "नमस्कार मंडळी! मी तुमच्या घरातली लाडकी बाहुली बोलतेय!"

हॉलमध्ये टाळ्या. व्यंकटेशरावांनी चष्मा काढून डोळे पुसले. जयंती हाताची घडी घालून बसली. चार पिढ्या तंजावुरात आणि मद्रासेत काढलेली बाई, आणि जीभ पहिल्यांदा उघडली ती पुण्याला जाऊन! आजवर ती गप्प होती, तेच तिचं शहाणपण होतं.

पडद्याखाली पाटी होती. 'मूळ संग्रह: सरकारबाई.'

"सरकारबाई कोण?" जयंतीने विचारलं.

अनयने बघितलं आणि कानाची पाळी धरली. "ऑटोकरेक्ट झालं असणार, अक्का. सकवार हा शब्द त्याला माहीत नसेल. लगेच बदलतो."

"तुझ्या यंत्रास माझी आई चूक वाटली."

पण तो माइककडे धावला होता. काळाच्या ओघात हरवलेला चेहरा तंत्रज्ञानाने परत मिळवला, वगैरे वगैरे. जयंती शेजारच्या खुर्चीतल्या अनोळखी बाईला म्हणाली, "हरवला नव्हता. पोरांच्या कपाळांस लावला होता." त्या बाईला मराठी येत नव्हतं. तिने हसून मान हलवली.

शेवटी रम्या नावाची मुलगी पेटी घेऊन आली. कंपनीच्या प्रयोगशाळेत वस्तू हाताळायचं काम तिचं. पेटीत काळा फोम होता, बाहुल्यांच्या मापाने कापलेला, आणि त्यावर पातळ कापड. पेटी हलवली तरी आवाज नाही.

"उघडून बघा ना, मामी," रम्या तमिळमध्ये म्हणाली. तिचा चेहरा परीक्षेत पहिल्या आलेल्या मुलीसारखा फुलला होता.

"घरी बघेन. भाची यायची आहे बाळाला घेऊन." पेटीवरून हात फिरवून जयंती मनात म्हणाली, चला, एवढी एक गोष्ट तरी सांगितल्यासारखी केली. भरायला नीट भरलंय.

अदिती घरी पोचली तेव्हा बाळ किरकिरत होतं. कपाळभर आणि मानेवर घामोळं उठलेलं. जयंतीच्या मनात आलं की याहून चांगला मुहूर्त मिळायचा नाही. तिने सहाण मांडली, पाण्याचे चार थेंब सोडले, पेटीत हात घालून न बघताच राणी उचलली आणि अंगठा टेकला.

अंगठ्याला नाक टोचलं.

तिने बाहुली उजेडात धरली. नाक होतं, डोळे होते, पडद्यावरच्यासारख्या भुवया होत्या. पाठ गोल, भरलेली, लाकडाच्या रंगाचीच. जोड कुठे आहे तेही कळत नव्हतं. जयंतीने तशीच राणी सहाणेवर टेकवून घासली. तांबडं काही उतरलं नाही. चिकट तपकिरी गाळ आला आणि नेलपॉलिशसारखा वास सुटला.

"आत्या, किती छान केलंय!" अदिती वाकून बघत म्हणाली. "मला वाटलं नुसतं स्कॅन करतील. नाक बघ ना, किती गोड!"

जयंतीने सहाणेवरचा गाळ धुऊन टाकला. अदितीने बॅगेतून पावडर काढली आणि बाळाच्या कपाळाला लावली.

दुसऱ्या दिवशी सकाळी जयंती बस पकडून तरमणीला, कंपनीच्या प्रयोगशाळेकडे निघाली. वाटेत तिने तीन भाषांत वाक्यं तयार केली, आणि तीनही भाषांत ती निर्दोष होती. प्रयोगशाळेत शिरताच त्यातली निम्मी तिने रम्याच्या तोंडावर फेकली. कोणी सांगितलं होतं? कोणाला विचारून? दुसऱ्याच्या घरातली वस्तू म्हणजे काय पडकी भिंत, दिसला खड्डा की लिंपली?

रम्याचा चेहरा उतरला. पण ती भांडली नाही. तिने संगणकावर एक कागद उघडला आणि पडदा जयंतीकडे वळवला.

"मामी, तुमचीच सूचना आहे. खाली सही तुमची."

कागदावर इंग्रजी होतं. आत्ता आहेत तशा परत आणू नका. परत देण्याआधी दोघांनाही व्यवस्थित भरा. घट्ट भरा. कुठेही पोकळी राहता कामा नये.

"हे मी म्हटलं नाही."

रम्याने दुसरं बटण दाबलं. खोलीत जयंतीचाच आवाज घुमला, करडा, कोणाला जुमानत नसलेला. "...दोघांस नीट भरून द्या हो. गच्च भरा. कोठें पोकळ राहूं नये. सेरी?"

जयंतीने पर्समधून लाल पेन काढलं. सवयच ती. तिने आवाज पुन्हा लावायला सांगितला आणि एकेक शब्द इंग्रजीशी ताडून पाहिला. नीट. भरून. गच्च. पोकळ. तिला एक चूक हवी होती, एक तरी. यंत्राने काना-मात्रेचाही फरक केला नव्हता. पिशवीत आपटणाऱ्या बाहुल्या त्याला दिसल्या नव्हत्या, एवढंच. आणि हे भाषांतर यंत्राने सहीच्या त्या तीन पानांत तेव्हाच घातलं होतं; पहिल्या ओळीपुढे कोणी वाचलं असतं, तर ते तिथेच सापडलं असतं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते याला. तिने पेनाचं टोपण परत लावलं.

"मला तीन आठवडे लागले," रम्या हळूच म्हणाली. "बाहुलीचा जुना फोटो असता तर... नाक कसं होतं ते कळेना. मग राजाच्या नाकावरून घेतलं."

"नाकसुद्धा नवऱ्याचं," जयंती म्हणाली. तिने पर्समधून राणी काढून टेबलावर ठेवली. "काढता येईल?"

"रेझिन आहे, मामी. ते विरघळवणारं रसायन लाकडातही शिरेल. मग ते लहान मुलाला लावता येणार नाही. कोरून काढलं तर आतलं लाकूडही येईल." मग तिने विचारलं, "पण आधीचं आहे ना आपल्याकडे. पहिल्या दिवशीचा स्कॅन. त्यावरून प्लास्टिकची बाहुली छापून देऊ?"

छापणाऱ्या यंत्राला चार तास लागले. जयंती तिथेच खुर्चीत बसून राहिली. कोणी आणून दिलेली कॉफी निवून गेली. दुपारी रम्याने तिच्या हातावर पांढऱ्या प्लास्टिकची राणी ठेवली. हलकी, कोमट, बाजारातल्या खेळण्यासारखी. असल्या वस्तूकडे जयंतीने एरवी ढुंकून पाहिलं नसतं. पण तिला नाक नव्हतं. जयंतीने अंगठा टेकवला.

तो बसला. खळग्याच्या डाव्या कडेला एक बारीक उंचवटा होता, तो आईच्या अंगठ्याच्या वाकडेपणाचा, आणि तोही तिथे होता. जयंतीला रडू आलं. असल्या लोकांसमोर, असल्या पांढऱ्या भिकार प्लास्टिकवर रडू आलं याचा तिला भयंकर राग आला, आणि तरी ते थांबेना.

तेवढ्यात अनय धावत आला. रम्याने त्याला सगळं फोनवर सांगितलं असणार. "सॉरी काकू. मी समोर होतो, मला कळायला हवं होतं. आमच्या घरीही भरून द्या म्हणजे डब्यातच..."

जयंतीने त्याला दुरुस्त केलं नाही. "पाटीवर आईचें नांव नीट कर," एवढंच म्हणाली आणि दोन्ही राण्या पर्समध्ये घालून निघाली.

त्या दिवसापासून ती रोज सकाळी सहाण मांडून बसू लागली. उजव्या हातात लाकडाची राणी, डावीकडे पाटावर पांढरी. घासायचं, गाळ धुऊन टाकायचा, पांढरीशी ताडून बघायचं. प्रुफं अशीच वाचतात, मूळ प्रत शेजारी ठेवून. मूळ प्रत प्लास्टिकची असेल असं मात्र तिला कोणी सांगितलं असतं, तर तिने त्या माणसाची अक्कल काढली असती.

दसऱ्याच्या सकाळी पाठीचं रेझिन सरलं आणि सहाणेवर तांबडं उतरलं. तिने लगेच अदितीला फोन केला. बाळाला घेऊन ये.

"आत्या, घामोळं कधीच गेलं."

"मग दुसरें कांही होईल. पोरच आहे."

अदिती दुपारी आली. कोलू समोर मांडलेला होता, पहिल्या पायरीवर राजा एकटाच उभा होता. जयंतीने राणी अदितीच्या हातात दिली. पाठ पहिल्यासारखी सपाट झाली होती, पण तोंडावर नाक अजून जसंच्या तसं.

"हे नाही घासलंस?"

"तें दगडावर काढायचें नसतें. अंगठ्यानेंच जातें. चार पिढ्या लागतात."

"पण मग ही चूक नक्की कोणाची झाली, आत्या? त्या अनयची की मशीनची?"

जयंतीने सहाणेवर पाणी सोडलं. "माझी," ती म्हणाली. हा शब्द तिच्या तोंडी इतका नवा होता की अदितीने मान वर करून बघितलं.

मग जयंतीने तिचा हात धरला आणि अंगठा राणीच्या तोंडावर टेकवला.

"आई ग! टोचतंय."

"टोंचूं दे. जोर करूं नको," जयंती म्हणाली. "ती आपणच झिजत्ये."